लेकीची पहिली गाडी : पावणेचार लाखांत काय घ्यावे?

प्रश्न : मी कराडला राहतो. माझ्या २२ वर्षांच्या मुलीला नुकतीच पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी लागली आहे. तिचा परवाना सात महिन्यांपूर्वीचा असून ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीपलीकडे तिचा फारसा हात बसलेला नाही. खोलीपासून कचेरी पाच किलोमीटरवर आहे आणि महिन्यातून एकदा ती घरी येईल. जुन्या गाडीसाठी मी पावणेचार लाख रुपये बाजूला काढले आहेत. तीन गाड्या पाहण्यात आहेत. पुतण्याने सुचवलेली २०१३ ची शेवरोले क्रूझ डिझेल, दिल्ली पासिंग, सनरूफवाली, तिसरा मालक, २ लाख ८० हजार रुपये. शेजारच्या निवृत्त गुरुजींची २०१५ ची अल्टो ८००, केवळ २६ हजार किलोमीटर चाललेली, १ लाख ७० हजार. आणि पिंपरीतली २०२० ची टाटा टियागो पेट्रोल, पहिला मालक, ४६ हजार किलोमीटर, ३ लाख ६० हजार. तिच्या आरसीवर अजून बँकेचे नाव आहे. पत्नीचा कल अल्टोकडे आहे, कारण शिकाऊ हाताने खरचटली तरी हळहळ नको. मुलगी म्हणते, कोणतीही चालेल, फक्त पांढरी नको. सीएनजी बसवावे का, हेही सांगावे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपले पत्र नेटके आहे, त्यामुळे उत्तरही आडवळण न घेता देतो. क्रूझ घेऊ नका. गुरुजींची अल्टो निगुतीने वापरलेली असणार, पण आपल्या मुलीच्या प्रवासाला ती योग्य नाही. टियागो घ्यावी; मात्र ३ लाख ६० हजारांना नव्हे, आणि आरसीवरचे बँकेचे नाव उतरण्यापूर्वी सगळे पैसे हातावर ठेवून तर मुळीच नव्हे.

जुन्या गाडीच्या बाजारात पहिला प्रश्न ‘किती चालली?’ हा असतो आणि दुसरा ‘ॲव्हरेज किती देते?’ हा. नवख्या हातात द्यायच्या गाडीबाबत माझा पहिला प्रश्न ‘केव्हा बनली?’ हा असतो, आणि त्यामागे गाडी नवी दिसावी ही हौस नसून आपल्याकडचे नियम आहेत. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून चालकासमोरची एअरबॅग, सीटबेल्ट न लावल्यास वाजणारी घंटी, ताशी ८० आणि १२० किलोमीटरला मिळणारा इशारा आणि गाडी मागे घेताना अडथळा सांगणारे सेन्सर बंधनकारक झाले. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग सर्वच गाड्यांना सक्तीची व्हायला मात्र २०२१ चे वर्ष संपावे लागले. म्हणजे एकाच मॉडेलच्या २०१८ आणि २०२० च्या दोन गाड्या बाहेरून जुळ्या दिसल्या तरी संकटाच्या क्षणी त्या सारख्या वागतीलच असे नाही, आणि किमतीतला चाळीस-पन्नास हजारांचा फरक या एका कारणासाठी सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यातल्या एबीएसचे महत्त्व घरोघरी कमी लेखले जाते, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. सराईत चालक समोरच्या गाडीचे वागणे आधी ओळखतो आणि ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबतो. नवा चालक उशिरा पाहतो आणि घाबरून सगळा जोर देऊन पाय दाबतो. अशा वेळी एबीएस नसलेल्या गाडीची चाके जाम होतात, गाडी घसरत सरळ पुढे जाते आणि स्टीअरिंग कितीही फिरवले तरी ऐकत नाही. जूनच्या पहिल्या सरीत, धूळ आणि ऑइल मिसळून गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर, हे सर्वांत वाईट घडते. एबीएस असेल तर चाके फिरत राहतात आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी बाजूला काढता येते. तो चालू असताना पेडल पायाखाली थरथरते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे काही जण घाबरून पाय उचलतात. मुलीला हे आधीच सांगून ठेवा आणि एखाद्या मोकळ्या मैदानात एकदा जोराने ब्रेक दाबून प्रत्यक्ष अनुभवही घेऊ द्या.

आता अल्टोकडे येतो. आपल्या पत्नीचा मुद्दा व्यवहाराला धरून आहे. पहिल्या वर्षी बंपर खांबाला घासतो, आरसा फाटकाला लागतो, आणि अल्टोचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही स्वस्तात मिळतात. गाडी कराडातच राहणार असती, मंडई ते बसस्थानक एवढाच तिचा वावर असता, तर मीही गुरुजींशी बोलणे करा असेच म्हटले असते. पण आपली मुलगी दर महिन्याला दीडशेहून अधिक किलोमीटरचा महामार्ग एकटीने, अवजड ट्रक आणि रात्रीच्या खासगी बसगाड्यांच्या सोबतीने, कापणार आहे. २०१५ च्या अल्टो ८०० च्या साध्या प्रकारांत एबीएस नाही आणि एअरबॅगही नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या पाच भारतीय छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी केली होती. त्यात अल्टो ८०० होती आणि पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले होते. खरचटण्याची हळहळ वाचवण्यासाठी एवढी तडजोड करू नये. शिवाय २६ हजार किलोमीटर हा आकडा ऐकायला गोड असला तरी इतकी वर्षे बहुतांश उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर, रबरी नळ्या आणि बॅटरी किलोमीटर पाहून जुनी होत नाहीत, वर्षे मोजूनच होतात.

पुतण्याची क्रूझ मी हसण्यावारी नेणार नाही. तिचा पत्रा भक्कम आहे, एअरबॅग आणि एबीएसही तिच्यात असेल. पण तिसऱ्या मालकाकडच्या बारा वर्षांहून जुन्या गाडीतल्या एअरबॅग कधी उघडल्या होत्या का, आणि उघडल्या असतील तर त्याजागी नव्या बसवल्या की नुसता डॅशबोर्ड शिवून घेतला, हे कोण सांगणार? दीडशेहून अधिक अश्वशक्तीचे टर्बो डिझेल इंजिन सात महिन्यांच्या परवान्याला झेपेल का, हा प्रश्न वेगळाच. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, त्यामुळे सुट्या भागांसाठी शोधाशोध आणि वाट पाहणे आले. दिल्ली पासिंगची गोष्ट तर आणखी निराळी आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंधांचे आदेश निघाल्यापासून तिकडच्या गाड्या पडत्या भावाने इतर राज्यांत येऊ लागल्या, आणि त्या स्वस्त दिसतात ते याचमुळे. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवायची तर तिची महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि इथला कर भरावा लागतो. एवढे सोपस्कार करून २०२८ मध्ये तिची पंधरा वर्षे भरतील, तेव्हा पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च पुन्हा दारात उभा राहील. थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ पासूनचा दरही पाहा : १५०० सीसीवरील इंजिनाला वर्षाला ७,८९७ रुपये, टियागोच्या गटाला ३,४१६ रुपये, जीएसटी वेगळा.

डिझेल परवडते, हा पुतण्याचा दावा कागदावर मांडून पाहू. मुलीचा प्रवास महिन्याला सहाशे किलोमीटरच्या आसपास होईल. टियागो शहर आणि महामार्ग मिळून पंधराचे ॲव्हरेज देते असे धरले, तर चाळीस लिटर पेट्रोल, लिटरला १०४ रुपये दराने ४,१६० रुपये. क्रूझने बारा दिले तर पन्नास लिटर डिझेल, ९० रुपये दराने ४,५०० रुपये. म्हणजे बचतही नाही, आणि एखादा इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला की कित्येक महिन्यांच्या इंधनाचा खर्च एका बिलात. याच हिशेबाने सीएनजीचाही निकाल लागतो. किटला पन्नास-साठ हजार रुपये लागतील, ते वसूल व्हायला तीन वर्षे जातील, डिकी टाकीने भरून जाईल, आरसीवर आणि विम्यावर नोंद करावी लागेल आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (दाब सोसते का याची चाचणी) मागे लागेल. सहाशे किलोमीटरसाठी एवढा पसारा नको.

टियागोबद्दल माझा आग्रह तिच्या नावावर नसून तिच्या वर्षावर आहे. जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने दोन एअरबॅगच्या टियागोला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे दिले. २०२० ची गाडी असल्याने ती बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाची) आहे का, हे आरसीवर पाहून घ्या. उच्च सुरक्षा नंबरप्लेट तिला मुळातच बसलेली असेल. दोषही सांगतो : तीन सिलिंडरचे इंजिन असल्यामुळे सिग्नलला उभी असताना ती किंचित थरथरते, आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये चार माणसे घेऊन जाताना कुरकुरते. दोन्ही गोष्टी सवयीच्या आहेत. रंग आपण कळवलेला नाही. पांढरी निघाली, तर मुलीला एवढेच सांगा की रात्रीच्या महामार्गावर पांढरी गाडी लांबून दिसते आणि साधा पांढरा रंग मेटॅलिकपेक्षा स्वस्तात मारून मिळतो.

किमतीविषयी. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाड्यांचे विक्रेते मात्र अनेकदा आधीच्याच भावाच्या आठवणीत असतात. बोलणी करायला जाण्यापूर्वी शोरूममधून त्याच मॉडेलची आजची ऑन रोड किंमत लेखी घ्या आणि ती समोर ठेवूनच बोला. माझ्या अंदाजाने व्यवहार ३ लाख १० हजारांच्या पलीकडे जाऊ नये. पावणेचार लाखांतले साठ-पासष्ट हजार गाडी घेतल्यानंतरच्या खर्चासाठी लागणार आहेत : विमा, नावावर करण्याचे शुल्क, पूर्ण सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, बहुधा बॅटरी, आणि टायर. टायरच्या बाजूला चार अंकी शिक्का असतो. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांचे रबर कडक झालेले असते, आणि ओल्या रस्त्यावर एबीएसचा उपयोग टायर रस्ता धरून ठेवील तेवढाच. मूळ टायर अजून असतील तर चारही बदला. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम पुढच्या दिवाळीला घेता येईल.

गाडी पाहायला सकाळी, न सांगता थोडे आधी जा, आणि पोहोचल्यावर पहिल्यांदा बोनेटला हात लावा. ते गरम असेल तर विक्रेत्याने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे, आणि थंड इंजिन सुरू होताना जे आवाज व धूर कळतात ते आपल्याला कळू नयेत असा त्याचा हेतू असू शकतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूला दुधी, चिकट थर आहे का ते पाहा; असल्यास कूलंटचे पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका येते. बोनेट आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट नीट न्याहाळा. कंपनीने रंगवलेल्या बोल्टच्या कडांवर पान्याच्या खुणा असतील तर तो भाग कधीतरी उतरवलेला आहे. त्यात लगेच वाईट काही नाही, पण कारण विचारा आणि उत्तर देताना समोरचा माणूस कुठे पाहतो तेही बघा.

पुराच्या पाण्यातली गाडी ओळखणे याहून अवघड असते, आणि आपल्या भागात ही भीती खरी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्या भंगार म्हणून लिलावात जातात आणि त्यातल्या काही दुरुस्त होऊन परत बाजारात येतात. यासाठी एक सोपी तपासणी आहे. सीटबेल्ट रीळ संपेपर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात त्याचा शेवटचा हातभर भाग कधी बाहेर येत नाही आणि गाडी चकचकीत करणारा माणूसही सहसा तिथवर पोहोचत नाही. तिथे तपकिरी डाग, गाळाची रेघ किंवा कुबट वास आढळला, तर पुढचे काही पाहू नका. तसेच सीटखाली हात घालून लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात माती साचली आहे का, तेही बघा.

मीटरवर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये मालकाला सोबत घेऊन जा आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. प्रत्येक भेटीच्या वेळी किलोमीटर लिहिलेले असतात. दोन वर्षांपूर्वी ५२ हजार आणि आज ४६ हजार, असे चमत्कार तिथे लगेच उघडे पडतात. ओळखीचा मेकॅनिक नेणार असाल तर त्याला त्याची मजुरी आपण रोख द्या. फुकट आलेल्या मेकॅनिकचे पैसे बऱ्याचदा विक्रेता देतो.

आणि मुलीला सोबत न्याच. आपल्याकडे मुलीची गाडी वडील, काका आणि पुतण्या मिळून पसंत करतात आणि किल्ली तेवढी तिच्या हातात देतात. क्लच पूर्ण दाबताना तिचा गुडघा सीटच्या कडेला येतो का, सीट वर-खाली होत नसेल तर तिला बोनेटची कड दिसते का, मागच्या काचेतून मागे उभे असलेले लहान मूल दिसेल का, हे तिच्याखेरीज कोणालाच कळणार नाही. तिला उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायला सांगा. क्लच अगदी वर आल्यावर गाडी उचलत असेल, किंवा इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लचप्लेट संपत आली आहे. खंबाटकीच्या चढावर वाहतूक तुंबली की हा दोष हमखास वर येतो. प्लेट बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.

आता बँकेचे नाव. ‘कर्ज फिटले आहे, फक्त नाव काढायचे राहिले’ हे वाक्य खरेही असते आणि अर्धवटही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्यावर आरसीवरचा बोजा उतरतो. हे पत्र ठरावीक मुदतीचे असते, त्यामुळे ते जुने असेल तर मालकाला नवे आणावे लागेल. तो बोजा आधी त्याच्याच हातून उतरवून घ्या. तोवर फार तर दहा हजार रुपये विसार द्या आणि गाडीचा व चासीचा क्रमांक, ठरलेली किंमत आणि बोजा न उतरल्यास विसार परत मिळेल ही अट घालून पावती घ्या. उरलेली रक्कम बँकेतून, मालकाच्याच खात्यावर; मेहुण्याच्या किंवा एजंटाच्या खात्यावर नको. एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे तपासा, आणि थकलेली ई-चलाने त्यालाच भरायला लावा.

गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतील त्याच दिवशी ताबा घ्या आणि ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ‘नंतर बघू’ म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण मधल्या काळात अपघात झाला तर आधीचा मालक आणि आपण, दोघेही अडकाल.

गाडी मुलीच्याच नावावर करा, आपल्या नव्हे. विम्याबरोबर मालक-चालकाला १५ लाख रुपयांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण मिळते ते फक्त परवानाधारक मालकालाच लागू होते. गाडी आपल्या नावावर राहिली आणि चालवणार ती, तर त्याचा तिला काही उपयोग नाही. सध्याच्या मालकाची विमा पॉलिसी १४ दिवसांच्या आत तिच्या नावे वर्ग करण्याचा अर्ज द्या. त्याने साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे सवलतीच्या फरकाची रक्कम कंपनी आपल्याकडून मागेल. ती रीतसर आहे, त्यावर वाद घालू नका. नुसता थर्ड पार्टी विमा घेऊन पैसे वाचवण्याचे हे वर्ष नव्हे. झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांच्या झिजेची वजावट न करता भरपाई देणारे संरक्षण) या वयाच्या गाडीला सगळ्या कंपन्या देत नाहीत, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. मात्र बंपरच्या ओरखड्यांसाठी क्लेम करू नका, नाही तर मुलीचा स्वतःचा बोनस कधी सुरूच होणार नाही.

फास्टॅग आधीच्या मालकाच्या खात्याला जोडलेला असेल. तो त्याला बंद करायला सांगून मुलीच्या नावाने नवा घ्या. पिंपरीहून कराडला येताना खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे असे तीन टोलनाके लागतात, तेव्हा हे काम तिच्या पहिल्या फेरीआधी उरकलेले बरे. आणि त्या पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर आपण बसा, दिवसाउजेडी निघा.